छातीचं दुखणं

मुलाला शहरातल्या इस्पितळात पोचवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता, आणि लेओंतीन वोक्लां चर्चला निघाली. सून म्हणाली, आज नका जाऊ, लोक विचारतील. लेओंतीनने काळा कोट अंगात चढवला, टोपीला पिन खोचली आणि म्हणाली, "विचारतील म्हणूनच जायचं. आपण घरात बसलो की लोक स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात."

लोकांनी विचारलंच. प्रार्थना आटोपून सगळे बाहेर थडग्यांमधल्या वाटेवर रेंगाळत होते, तेव्हा शेजारच्या शेतावरचा फेर्दिनां पुढे आला. फेर्दिनां अंगाने बैलासारखा, आवाजही तसाच. तो हळू बोलायला गेला तरी आत वेदीपाशी पाद्रीबाबांना ऐकू जायचं.

"लेओंतीनबाई, काल डॉक्टरांची गाडी तुमच्या ला पोमरेच्या अंगणात होती म्हणे. आंसेल्मला काय झालं?"

तिने घरून काही ठरवून आणलं नव्हतं. डोळ्यांपुढे आदल्या सकाळचा आंसेल्म होता. गोठ्यात गुडघे टेकून बसलेला, दुधाच्या बादलीतून मुंग्या वेचणारा, आणि बादलीत एकही मुंगी नव्हती. हात असे कापत होते की बादलीची कडी वाजत होती. तिने त्याला खांद्याला धरून हलवलं तर तो म्हणाला, "आई, थांब, एवढ्या काढतो." सोलांजने, तिच्या सुनेने, कुणाला न विचारता डॉक्टरांना बोलावणं धाडलं होतं.

"छातीचं आहे," लेओंतीन म्हणाली.

फेर्दिनांने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याच्या बायकोने छातीवर क्रूस काढला. पुढे कुणी काही विचारलं नाही.

दुसरं काही सांगायला तिची जीभ वळलीच नसती. पिणं हा काही आजार नव्हे. तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, सकाळच्या कॉफीत थेंब घ्यायचा, दहाच्या न्याहारीला सायडर, दुपारच्या जेवणाला सायडर, जेवणाच्या मध्यावर पोटात जागा व्हावी म्हणून थेंब, आणि निजताना थेंब. थेंब म्हणजे सायडर भट्टीला लावून काढलेला जाळ. त्याला दारू असं त्या मुलखात कुणी म्हणत नसे, आणि सायडरला तर नाहीच नाही. सायडर म्हणजे सफरचंदांचा रस, पिंपात ठेवला की आपसूक फसफसणारा. एवढं सगळं पिऊन चाळीस वर्षांत तिच्या नवऱ्याचा नांगर कधी तिरका गेला नाही. वोक्लांच्या घरचे पुरुष पीत, पण त्यांना चढत नसे. ज्याला चढते तो पुरुष कसला, आणि ज्याला मुंग्या दिसतात त्याच्याबद्दल तर बोलूच नये. त्यापेक्षा फुप्फुसं बरी. फुप्फुसं देव बिघडवतो, त्यात आईबापाचं काही जात नाही.

सोलांजला हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळलं. ती रिकाम्या बादल्या घेऊन तशीच परत आली.

"आई, तुम्ही लोकांना क्षय सांगितलात?"

"मी छाती सांगितली. क्षय त्यांनी केला."

"आणि आता?"

"आता काय? तो परत येईल तेव्हा वाळलेला असेल, फिका असेल, खोकत असला तर दुधात साखर. पाणी आण जा, बटाटे खोळंबलेत."

आंसेल्म उन्हाळा संपता संपता परत आला. खरोखरच वाळलेला आणि फिका, मानेभोवती सदरा ढिला. म्हातारे डॉक्टर स्वतः त्याला गाडीतून घेऊन आले आणि स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले. लेओंतीनने सवयीने त्यांच्यापुढे पेला ठेवला, मग उचलून घेतला.

"थेंब वर्ज्य, लेओंतीनबाई," डॉक्टर म्हणाले.

"कळलं. कपाटाला कुलूप घालते."

"सायडरही वर्ज्य."

"सायडर?"

"सायडर."

"डॉक्टर, आमच्यात अंगावरचं सुटलं की लेकराला सायडर देतात. पाणी घालून."

"ते मला माहीत आहे. तीस वर्षं तुमचीच लेकरं तपासतोय."

"मग याने प्यायचं काय?"

"पाणी."

"गाईसारखं."

"गाईंना मुंग्या दिसत नाहीत, लेओंतीनबाई."

तिला गप्प करणारा माणूस त्या तालुक्यात एवढा एकच होता. डॉक्टर उठताना म्हणाले की घोटभर गेलं तरी सगळं पहिल्यापासून सुरू होईल, त्याचं यकृत आता दुसरी खेप काढणार नाही, आणि तसं झालंच तर मला नका बोलावू, पाद्रीबाबांना बोलवा. आंसेल्म मान खाली घालून आपल्या नखांकडे बघत होता. चुलीपाशी उभी असलेली सोलांज म्हणाली, "आणि तसं झालं तर मी पोरीला, ओदेतला, घेऊन माझ्या बहिणीकडे जाईन. आत्ताच सांगून ठेवते, डॉक्टरांसमोर. मागाहून कुणी म्हणू नये की सांगितलं नव्हतं."

एरवी सुनेने असा आवाज काढला असता तर लेओंतीनने तिला तिच्या माहेरच्या चार पिढ्या मोजून दाखवल्या असत्या. त्या दिवशी तिने फक्त चुलीवरचं झाकण सारखं केलं.

एक मात्र म्हणायला हवं, तिने पाळलं. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा जग आला. एका टेबलावर मुलाने पाणी प्यायचं आणि आईने सायडर, हे तिला दिसायला बरं वाटेना, म्हणून तीही पाणी प्यायला लागली. लग्न झाल्यापासून पाणी तिने भांड्यांना आणि जनावरांनाच दाखवलं होतं. पहिले काही दिवस ती प्रत्येक घोटाला तोंड वेडंवाकडं करी आणि म्हणे, "यात मेलं आहे तरी काय?" आंसेल्म हसायचा. तो हसला की सोलांजही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, थोडी सैल व्हायची. कपाटाची किल्ली लेओंतीनच्या कमरेला असे.

मग फेर्दिनांकडे मळणी निघाली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे हात लावायचा, ही जुनी रीत. न्याहारीच्या वेळी पुरुष गोल करून गवतावर बसत. जग एक आणि पेला एक. पहिल्याने भरायचा, प्यायचा, तळाशी राहिलेलं गवतावर झटकायचं, पुन्हा भरून शेजारच्याच्या हातात द्यायचा. वेगवेगळे पेले फक्त लग्नाला आणि मयताला. त्यामुळे तिथे बसायचं तर प्यायचं, आणि प्यायचं नसेल तर बसायचं नाही. तिसरी तऱ्हा कुणी ऐकली नव्हती.

लेओंतीन बायकांच्यात पाव कापत उभी होती, पण डोळे तिकडेच. पेला निघाला, फिरत फिरत फेर्दिनांच्या मेव्हण्याकडे, ल्युसियेंकडे आला. ल्युसियेंच्या उजव्या हाताला आंसेल्म. ल्युसियेंने पेला भरला, हात लांब केला, आणि आंसेल्मच्या नाकासमोरून पलीकडच्या माणसाला दिला. पेला पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला.

तिच्या हातातली सुरी थांबली. एका शब्दात तिने मुलाभोवती भिंत बांधली होती. डॉक्टरला एवढं शिकून जे जमलं नसतं ते तिने चर्चच्या दारात उभ्या उभ्या केलं होतं. त्या दिवशी तिने बायकांची इतकी थट्टा केली की फेर्दिनांची बायको म्हणाली, "लेओंतीनबाई, आज काय गुलाबी दिसताय."

घरी जाताना दोघं कुंपणाच्या कडेने चालत होते.

"इस्पितळात आम्हाला शिकवायचे," आंसेल्म म्हणाला. "रोज सकाळी. एकाने पेला पुढे करायचा, दुसऱ्याने नको म्हणायचं. पाण्याचाच पेला, पण घाम फुटायचा. मला वाटलं होतं आज म्हणावं लागेल. लागलंच नाही."

"मग देवाचे आभार मान."

"मानतो." त्याने कुंपणाची एक काटकी मोडली. "आई, मी ज्या पोत्यावर बसलो होतो ते त्यांनी मागाहून जाळलं. मी टोपी विसरलो म्हणून परत गेलो, तेव्हा जळत होतं."

"जुनं असेल."

"नवं होतं."

पोत्याची किंमत काय, माणूस तर वाचला, असं तिने मनाशी घोकलं.

पण भिंत आपण बांधली म्हणून दारही आपल्याला हवं तिथे ठेवता येतं, असं नसतं. महिनाभरात शाळेच्या बाईंनी ओदेतला खिडकीशेजारच्या बाकावर एकटीला बसवलं, मोकळ्या हवेसाठी म्हणे. चर्चमध्ये वोक्लांच्या मागचा बाक रिकामा राहू लागला. आणि मग बाजाराच्या दिवशी लेओंतीनचं लोणी परत आलं.

हे लोणी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तिच्या सासूपासून चालत आलेला ओकच्या पानाचा लाकडी छाप, पिवळंधमक, वास असा की पावाला लावायच्या आधीच माणसाने डोळे मिटावेत. बायका त्यासाठी सकाळपासून थांबायच्या. त्या दिवशी टोपली जशी गेली तशी राहिली. शेवटी नेहमीची एकजण जवळ आली, पण टोपलीपासून हातभर लांब उभी राहिली. "तुमच्याबद्दल काही नाही हो, लेओंतीनबाई. पण आमच्या घरात लेकरं आहेत."

"तुझी लेकरं तुझ्या हातचं खाऊन अजून जगली आहेत," लेओंतीन म्हणाली, "त्यांना माझ्या लोण्याने काय होतंय?"

सगळा बाजार हसला, पण लोणी कुणी घेतलं नाही. घरी येऊन तिने सगळं पातेल्यात टाकून कढवलं आणि त्या वासाने तिला रडू आलं. रडू लपवायला तिने सोलांजला चुलीच्या राखेवरून झापलं.

त्या संध्याकाळी जेवताना आंसेल्म म्हणाला, "सांगून टाकू या."

"काय सांगायचं?"

"खरं ते. मला पिता येत नाही म्हणून मी इस्पितळात होतो."

"हो का? आणि वोक्लांच्या पोराला पेलवली नाही, हे गावाने माझ्या तोंडावर म्हणायचं?"

"म्हणू दे ना," सोलांज म्हणाली. "आई, पोर रोज रडत येते. लोकांना खरं कळलं तर उलट तेच जपतील. आजारी माणसाला कोण पाजतं?"

"तू अजून या लोकांना ओळखलं नाहीस."

"आणि तुम्ही ओळखता, म्हणून आपण हे भोगतोय."

आंसेल्मने पाण्याचा जग उचलून आईच्या पेल्यात ओतलं. "राहू दे सोलांज," तो म्हणाला. "आईला नको असेल तर नको." तो असाच होता. लहानपणी त्याला कुणी मारलं तर तो आधी मारणाऱ्याचा हात दुखला का ते बघायचा. अशा माणसाने नको म्हणायला शिकायचं, तेही लोकांच्या गर्दीत.

सफरचंदं पाडायचे दिवस आले. एकेका शेताचा एकेक दिवस ठरलेला. ओल्या गवतावर गुडघे टेकून लेओंतीन आणि सोलांज सगळ्यांकडे वेचायला गेल्या. त्या जिथे वेचत त्या झाडाखाली दुसऱ्या बायका येत नसत, पण काम म्हणजे काम. ला पोमरेचा दिवस शेवटचा. त्या दिवशी लेओंतीनने पहाटेच दालचिनी घातलेली तांदळाची खीर भट्टीत सारली, डुकराचं मांस शिजत लावलं, तळघरातल्या मोठ्या पिंपाची तोटी पुसून लख्ख केली. एवढी माणसं यायची म्हणजे सायडर लागणारच होता. आंसेल्म दूरच्या रांगेत काठीने फांद्या झोडपेल, न्याहारीला त्याचं पाणी तिथेच धाडू, असं तिने बेतून ठेवलं होतं.

माणसं येईनात. धुकं वर गेलं, झाडांखालची लाल पिवळी फळं दिसायला लागली, आणि बागेत चौघंच: ती, मुलगा, सून आणि नात. उन्हं वर आल्यावर फेर्दिनांची गाडी फाटकातून आत शिरली. फेर्दिनां, ल्युसियें आणि आणखी तिघं. बायका एकही नाही.

"उशीर झाला, लेओंतीनबाई," फेर्दिनां तिच्याकडे न बघता म्हणाला.

"दिसतंय. बायकांचे पाय मोडले वाटतं सगळ्यांच्या एकदम?"

"सर्दी झालीय घरोघरी."

ते कामाला लागले. चांगलं काम केलं, खोटं कशाला बोला. काठ्या फांद्यांवर पडत होत्या आणि सफरचंदं धबाधबा गवतात येत होती. आंसेल्म त्याच्या रांगेत एकटाच झोडपत होता. न्याहारीची वेळ झाली तशी लेओंतीनने पावाची टोपली आणली आणि जग भरायला वळणार, तोच तिला दिसलं की फेर्दिनांने गाडीतून जग काढला. स्वतःचा. आणि स्वतःचा पेला. पाचजण गोल करून बसले, वोक्लांच्या बागेत, वोक्लांच्या झाडाखाली, आणि दुसऱ्याच्या घरचा सायडर प्यायला लागले.

तिचा नवरा जिवंत असता तर त्याने बंदूक आणली असती. ती चालत गेली आणि गोलाच्या मधोमध उभी राहिली.

"हे काय आहे, फेर्दिनां?"

"बाई, रागावू नका." तो खरंच कानकोंडा झाला होता. "बायको म्हणाली, यायचं तर आपलं घेऊन जा. तुमच्या घरची भांडी… तुम्हीच समजून घ्या. क्षयाचं काही सांगता येत नाही."

"क्षय नाही त्याला."

"तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी खोटं सांगितलं." आवाज तिचाच होता, नेहमीसारखा कडक, फक्त हात कोटाच्या खिशात खोल गेले होते. "त्याला दारूचं होतं. गोठ्यात बसून मुंग्या वेचत होता माझा मुलगा. दारू सोडवायला इस्पितळात ठेवला होता. घोट गेला तर मरेल म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. झालं समाधान? जा, सांगा आता घरोघरी, सर्दी पळून जाईल."

आंसेल्मची काठी थांबली होती. सोलांज अर्ध्या भरलेल्या पोत्यापाशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की लेओंतीनला वाटलं, हे आधीच सांगायला हवं होतं, एवढं सोपं होतं तर.

फेर्दिनां तोंड उघडं टाकून बघत होता.

"म्हणजे छाती ठणठणीत?"

"तुझ्याइतकी."

"दारूचंच फक्त?"

"दारूचंच."

फेर्दिनां हसायला लागला. चेष्टेचं हसू नव्हतं ते. त्याने तोंडावरून टोपी फिरवली तेव्हा डोळे ओले होते. तो आणि आंसेल्म एकाच वर्षी जन्मलेले, एकाच बाकावर बसलेले, एकाच लढाईतून परत आलेले. "अरे देवा," तो म्हणाला. "आणि मी सगळा हंगाम याच्यासाठी मेणबत्त्या लावतोय. आंसेल्म, इकडे ये, गाढवा. मुंग्या? अरे मुंग्या तर मलाही दिसतात. या ल्युसियेंला तर मेलेली सासू दिसते."

"ती काय पिऊन दिसते?" ल्युसियें म्हणाला. "न पिता दिसते, म्हणून पितो."

सगळे हसले. फेर्दिनांने आपल्या जगातला सायडर गवतावर ओतून दिला. "हे घोड्याचं मूत कशाला प्यायचं ला पोमरेत बसून? लेओंतीनबाई, तुमचं आणा. उद्या माझी बायको लोणी न्यायला येते की नाही बघा."

तिचे पाय तळघराकडे वळलेसुद्धा. महिनोन्महिने कुणी तिच्या घरचं काही मागितलं नव्हतं. पायऱ्या ती मुलीसारखी उतरली, मोठ्या पिंपाखाली जग धरला, तोटी फिरवली, आणि तो सोनेरी फेस वर येताना बघून तिला वाटलं, आता सगळं जागच्या जागी येईल. जग घेऊन ती बागेत आली तेव्हा आंसेल्म गोलात बसला होता. फेर्दिनां एका बाजूला, ल्युसियें दुसऱ्या बाजूला, खांद्याला खांदा लावून. तो हसत होता. असा हसताना तिने त्याला किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

ती जग छातीशी धरून थांबली. पण फेर्दिनांने हात लांब करून जग घेतलाच होता.

पेला फेर्दिनांने भरला, प्यायला, भरून आंसेल्मपुढे धरला.

"मला नको," आंसेल्म म्हणाला. इस्पितळात शिकवलं तसंच म्हणाला, हळू आणि नीट.

"आता कसलं नको?"

"आईने सांगितलं ना आत्ताच. डॉक्टरांनी बजावलंय."

"डॉक्टर थेंबाचं म्हणाला असेल. हा सायडर आहे, बाबा. ओदेत पिते तो."

"सायडरही नाही."

"पाणीच पितो म्हणजे?" ल्युसियेंने विचारलं. "तो दक्षिणेकडून आलेला शाळामास्तर पितो तसं? तो काय पितो ते आम्हाला माहीत आहे, काय विचार करतो ते अजून कुणाला कळलं नाही."

"राहू दे रे, नसेल घ्यायचं तर," एकजण म्हणाला, पण पेला तिथेच होता, फेर्दिनांच्या हातात, आंसेल्मच्या छातीपाशी, आणि पुढच्यांचे घसे वाट बघत होते. फेर्दिनांचा चेहरा हळूहळू पडत चालला.

"सगळा हंगाम आम्ही तुझ्या तोंडाला भीत होतो," तो म्हणाला, "ते आमचं चुकलं. पण आता तू आमच्या तोंडाला भितोस होय?"

आंसेल्मने आईकडे बघितलं. तिने पुढे होऊन फेर्दिनांच्या हातातून पेला घेतला.

"त्याचा वाटा माझा," ती म्हणाली आणि एका दमात प्यायली, तळाचं गवतावर झटकलं, भरून ल्युसियेंला दिला.

पुरुषांनी मांड्यांवर थापा मारल्या. असं बाईमाणसाने गोलात पिणं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तेही ला पोमरेच्या मालकिणीने. "वा, लेओंतीनबाई. बसा मग, जागा घ्या." ती मुलाच्या आणि ल्युसियेंच्या मध्ये गवतावर बसली. सायडर रिकाम्या पोटात थंडगार उतरला होता. तिला वाटलं, मिटलं. पण गोल सातच जणांचा, आणि पेल्याला कुठे थांबायचं माहीत नसतं. तो आला. ती प्यायली. ते थंडीवर बोलले, पिंपांवर बोलले, कुणाच्या तरी वासरावर बोलले, आणि तो आला. पाण्याला सरावलेलं अंग तिचं, कानशिलं तापली, समोरची झाडं एकमेकांच्या जवळ सरकली. आंसेल्म तिच्याकडे बघत होता. पहाटेपासून तिने पावाचा तुकडाही मोडला नव्हता, हे त्याला माहीत होतं. पुन्हा आला तेव्हा तिचा हात पेल्याच्या अलीकडेच हवेत मिटला, मग तिने तो तिरकाच धरला आणि थोडा सायडर तिच्या काळ्या कोटावर सांडला.

"आण इकडे, आई," आंसेल्म प्रेमाने म्हणाला. "तुला चढेल."

त्याने तिच्या बोटांतून पेला सोडवला आणि प्यायला. डोळे मिटून, सावकाश, तळापर्यंत. तळाशी काही राहिलंच नाही. मग भरून पुढच्याला दिला.

"हा आमचा आंसेल्म," फेर्दिनां म्हणाला आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला.

"थांबवा त्याला," लेओंतीन म्हणाली. तिला ओरडायचं होतं. ज्या आवाजाने ती बाजार गप्प करायची तो आवाज कुठेतरी घशात घरंगळला आणि शब्द एकमेकांवर पडले. "फेर्दिनां, अरे तो मरेल. डॉक्टर म्हणालेत… पाद्रीबाबांना…"

"बोलवू, बोलवू, पाद्रीबाबांनाही बोलवू," ल्युसियें म्हणाला. "त्यांनाही आवडतो तुमचा सायडर."

"लेओंतीनबाईंना चढली रे," कुणीतरी म्हणालं, अगदी मायेने, आणि सगळे हसले. ती उठायला गेली, तळवा ओल्या गवतावरून घसरला, ते आणखी हसले. आंसेल्मही हसत होता. त्याच्या गालांवर रंग आला होता. पेला परत येत होता आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता, पण त्याचा हात मांडीवरून आधीच उचलला गेला होता.

सोलांज आली. तिने गोलाकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे तर नाहीच. ती सासूच्या मागे उभी राहिली, बगलेत हात घालून तिला उभं केलं आणि कोटावरचं गवत झटकलं.

"चला आई, घरात चला."

"त्याला सांग. तू सांग त्याला."

"चला."

"पोतं अर्धंच भरलंय तुझं."

"राहू दे."

बागेतून घरापर्यंत त्या दोघी धरून धरून चालल्या. मागे फेर्दिनांचा आवाज येत होता, मग पुन्हा काठ्या फांद्यांवर पडू लागल्या, आणि त्यात एक काठी बाकीच्यांपेक्षा जोरात, उत्साहाने पडत होती. अंगणात ओदेत कोंबड्यांना दाणे टाकत होती. सोलांजने तिला हाक मारून कोट घालायला सांगितलं, आणि जाडे मोजे.

स्वयंपाकघरात खिरीचा वास भरला होता. सोलांजने सासूला खुर्चीत बसवलं, तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि वर माडीवर गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅग खाटेखालून ओढल्याचा.

"त्याला घरी कोण आणेल?" लेओंतीनने छताकडे बघत विचारलं.

वर बॅगेचं झाकण उघडलं.

"तेच आणतील," सोलांज म्हणाली. "आधी आणायचे तसे."

लेओंतीनने उठायचा प्रयत्न केला. खुर्ची तिच्याबरोबर हलली, म्हणून ती पुन्हा बसली.